तुळईचे कपाट

मराठीत घर नाहीसे करण्यास दोन क्रियापदे आहेत. सिमेंटचे घर पाडतात, लाकडाचे घर उतरवितात. हा भेद व्याकरणकारांनी केला नसावा. तो गवंड्यांनी आणि सुतारांनी केला असावा, कारण त्याचा अर्थ काम चालू असताना जितका स्पष्ट दिसतो तितका कोणत्याही कोशात दिसत नाही. राजापेठेतील आमचे जुने घर गेल्या वर्षी उतरविले, आणि वडिलांनी मागाहून त्याला जोडलेली सिमेंटची खोली त्याच आठवड्यात पाडली. खोलीस एक सकाळ पुरली. तिच्यापासून आम्हांस मलब्याचे चार ढीग आणि वाकलेल्या गजांचे भंगार मिळाले. घरास मात्र अकरा दिवस लागले. बाराव्या दिवशी अंगणात खांब, तुळया, कड्या, फळ्या, दारे आणि चौकटी अशा रीतीने रचलेल्या होत्या की, कोणी म्हटले असते तर ते घर दुसऱ्या जागी पुन्हा उभे करता आले असते.

ह्याचे सारे रहस्य सांध्यांत होते. खांबाच्या माथ्यावर कोरलेले कुसू तुळईच्या भोकात बसलेले. त्या दोहोंतून आरपार गेलेली एक सागवानी खुंटी. आणि ती खुंटी एका टोकास किंचित निमुळती. निमुळत्या टोकावर हातोड्याचे तीन-चार ठोके दिले की, तीन पिढ्या जागचा न हललेला सांधा सुटून येई, आणि लाकडास चीर म्हणून जात नसे. प्रत्येक सांध्याशेजारी पटाशीने मारलेल्या बारीक रेघा होत्या. कोठे एक, कोठे दोन, कोठे पाच. लहानपणी आम्ही त्यांना उंदरांचे दात म्हणत असू. घर उतरविणाऱ्या मिस्त्रींनी त्यांचा उलगडा केला. ज्या खांबावर तीन रेघा, त्याच्या तुळईवरही तीन. लाकडे जमिनीवर घडवून, मग एकेक वर चढविताना कोणाची गाठ कोणाशी, हे ध्यानात राहावे म्हणून जुन्या सुताराने ती खूण केली होती. तो सुतार कोण, कोठला, हे आमच्या घराण्यात कोणालाही ठाऊक नाही. परंतु त्याचे हिशेब आम्हांस अजून वाचता आले.

घर उतरले खरे, पण ते एकट्या माझे नव्हते. माझे वडील बंधू, पुण्यास स्थायिक झालेले चुलतबंधू, काकू आणि मी, असे त्याचे चार वाटेकरी. जागा इमारत बांधणाऱ्याच्या स्वाधीन करावयाच्या करारावरून दादांचे आणि माझे सहा महिने कामापुरतेच बोलणे उरले होते. लाकडाविषयी त्यांचे मत सरळ होते: व्यापाऱ्याने घनफुटाचा भाव सांगितला आहे, सर्व लाकूड एकदम विकावे, पैशाचे चार भाग करावेत, म्हणजे कोणाच्या मनात काही राहावयास नको. ह्या बोलण्यात गैर काहीच नव्हते. वाटणीमध्ये पैशासारखी निर्मळ वस्तू दुसरी नाही. ती कितीही भागांत फोडली तरी तिचा एकही भाग कमअस्सल ठरत नाही. मी एवढेच म्हटले की, माझ्या भागापोटी मला माजघराची मोठी तुळई द्यावी, आणि तिच्या भावाने जे होईल ते माझ्या रकमेतून वळते करून घ्यावे. दादांनी कागदावर आकडे मांडले. तुळई बारा फूट लांब, आठ इंच रुंद आणि आठ इंच जाड. म्हणजे सव्वापाच घनफुटांच्या वर. सागाचे लाकूड घनफुटास अठरा-एकोणीस किलो भरते, तेव्हा तिचे वजन शंभर किलोंच्या आसपास झाले. "एवढे ओझे घेऊन तू काय करणार?" असे त्यांनी विचारले. मी म्हणालो, "टीव्हीचे कपाट करीन." ते हसले नाहीत, त्या दिवसांत आम्ही एकमेकांच्या बोलण्यावर हसत नव्हतो.

ही तुळई कोठून आली असेल, हे सांगण्यास फार संशोधन नको. अमरावतीच्या उत्तरेस सातपुड्याच्या कुशीत मेळघाट आहे, आणि त्याच्या पायथ्याशी, येथून सुमारे पन्नास किलोमीटरवर, परतवाडा आहे. वऱ्हाडातील जुन्या घरांचे सागवान बहुधा त्याच वाटेने गाड्यांवर लादून खाली आले. ते विकत घेण्याची ऐपत कापसाने दिली. १८६१ ते १८६५ ह्या काळात अमेरिकेत यादवी माजली, तिकडचा कापूस इंग्लंडच्या गिरण्यांस मिळेनासा झाला आणि वऱ्हाडच्या कापसास सोन्याचे मोल आले. पाठोपाठ १८६७ साली अकोला-बडनेऱ्यावरून आगगाडी नागपुरास पोचली. त्या व्यापाराने पुढे दोन-तीन पिढ्या लहानमोठ्या पेढ्या, जिनिंगचे कारखाने आणि चौसोपी घरे उभी केली. आमच्या पणजोबांचे घर ह्या मालिकेतील अगदी धाकटे. कापसाच्या चार बऱ्या वर्षांत बांधलेले आणि पुढच्या वाईट वर्षांत सावकाराच्या तावडीतून कसेबसे वाचलेले.

आज ती वाट बंद झाली आहे, आणि ती बंद झाली हे उत्तमच झाले. १९७३-७४ मध्ये व्याघ्रप्रकल्पासाठी देशातील जी पहिली नऊ अरण्ये निवडली गेली त्यांत मेळघाट होता. सर्वोच्च न्यायालयाच्या १२ डिसेंबर १९९६ च्या आदेशाने साऱ्या देशातील वृक्षतोडीस आणि अरण्यातील आरागिरण्यांस लगाम बसला. ब्रह्मदेशाचे नामांकित सागवान म्हणावे, तर त्या देशाने एप्रिल २०१४ पासून अखंड ओंडके बाहेर पाठविणे थांबविले. हल्ली वखारीत जे सागवान मिळते त्यातील पुष्कळसे आफ्रिकेतून आणि दक्षिण अमेरिकेतून, लागवडीच्या कोवळ्या झाडांपासून आलेले असते. म्हणजे असे की, मेळघाटच्या जुन्या, सावकाश वाढलेल्या सागाचा जो साठा आता आपल्या हाती आहे, तो अरण्यात नसून आपल्याच छपराखाली आहे. आणि गावोगाव जुनी घरे जमीनदोस्त होत असता त्या साठ्याचे काय होते, इकडे कोणाचे लक्ष नाही. काही लाकूड शहाण्या व्यापाऱ्याच्या हाती पडते. काही हॉटेलांच्या शोभेसाठी जाते. आणि पुष्कळसे, विशेषतः आखूड कड्या व फळ्या, सरळ चुलीत आणि भट्टीत जाते.

जुने ते सारे सोने, असे मात्र मी म्हणणार नाही. आमच्याच घराच्या दोन कड्यांची भिंतीत गेलेली टोके वाळवीने इतकी पोखरली होती की, अंगठ्याने दाबताच त्यांचा भुगा झाला. सागाच्या गाभ्यात एक प्रकारचे तेल असते आणि काही द्रव्ये अशी असतात की, वाळवी त्यांना शिवत नाही. परंतु सालीखालच्या पांढुरक्या लाकडास हे कवच नसते. जुन्या लाकडाचा खरा गुण त्याच्या वयात नाही, त्याच्या स्वस्थपणात आहे. ओल्या लाकडास सुकताना जे आखडावयाचे, पिळवटावयाचे आणि तडकावयाचे असते, ते सारे त्याचे पूर्वीच होऊन गेलेले असते. आमच्या मिस्त्रींनी ही गोष्ट तुळईवर हात थोपटून एका वाक्यात सांगितली: "भाऊ, हिला जेवढं वाकाचं होतं तेवढं वाकून झालं, आता ही कोणाचं ऐकत नाही."

परंतु टीव्हीस कपाट तरी कशाला पाहिजे, असे वाचक विचारतील, आणि शेजाऱ्यांनी मला तसे विचारलेही. हल्लीचा टीव्ही म्हणजे भिंतीस टांगलेली एक काळी पाटी. आमचा त्रेचाळीस इंची संच आठ-नऊ किलोंचा आहे. त्यास शंभर किलोंच्या तुळईचा आधार द्यावयाचा म्हणजे चिमणी बसावी म्हणून वडाचे झाड लावण्यासारखे आहे. तथापि लाकडाचा आणि ह्या यंत्राचा संबंध जन्मापासूनचा आहे. जॉन लोगी बेअर्ड ह्या स्कॉटिश गृहस्थाने १९२६ च्या जानेवारीत लंडनमध्ये आपले दूरचित्रवाणीचे यंत्र विद्वानांपुढे चालवून दाखविले; त्याआधी त्याने जी पहिली जुळवाजुळव केली होती, तिच्यात चहाची एक वापरलेली लाकडी पेटी, टोपी ठेवावयाचा खोका, रफूच्या सुया आणि सायकलच्या दिव्याची भिंगे होती. तेव्हा टाकाऊ लाकडावर टीव्ही बसविण्याचा मान माझ्याकडे येत नाही.

आपल्याकडे मुंबईचे केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले, आणि १९८२ पासून चित्रे रंगीत झाली. त्या काळचा संच हाच मुळी एक लाकडी ठेवा असे. त्याला चार पाय असत, पुढे पट्ट्यापट्ट्यांचे सरकते दार असे, आणि कित्येक घरांत त्या दारास कुलूप असे. परीक्षेच्या दिवसांत त्याची किल्ली आईच्या कमरेला जाई. २५ जानेवारी १९८७ च्या रविवारी रामायण मालिका सुरू झाली, तेव्हा ठिकठिकाणी लोकांनी संचास हार घातले व उदबत्त्या लावल्या. घरात देव्हाऱ्यानंतर टीव्हीस जागा मिळाली ती तेव्हापासून. पुढे त्या जागेस 'शोकेस' हे नाव पडले. आमच्या घरातही एका भिंतीभर ती होती: प्लायवूडची, वरून चकचकीत सनमायका लावलेली, मधोमध एकवीस इंची संचाच्या अगदी मापाचा चौकोन. जोवर तो संच होता तोवर ती दिवाणखान्याची शोभा होती. संच गेला, नवा त्या चौकोनात मावेना, आणि शोकेसचा त्यानंतर कशालाच उपयोग उरला नाही. तिला उकलावे म्हटले तर फळ्या सरसाने आणि चुकांनी चिकटविलेल्या; काढताना त्यांचे पापुद्रे झाले. एका वस्तूच्या मापाने जन्मलेली दुसरी वस्तू तिच्याबरोबरच सती गेली. तुळईचे घर आणि प्लायवूडची शोकेस एकाच महिन्यात घराबाहेर पडली. पहिल्याचे लाकूड झाले, दुसरीचा कचरा झाला.

म्हणून कपाट सांगताना मी मिस्त्रींना दोनच अटी घातल्या. एक, त्यात टीव्हीच्या मापाचा कोणताही चौकोन असू नये. टीव्ही त्यावर नुसता उभा राहावा, आणि उद्या तो गेला तर त्या जागी पुस्तके, समई किंवा पाण्याचा माठही ठेवता यावा. दोन, त्यात एकही स्क्रू नसावा आणि सरसाचा थेंब नसावा. ज्या रीतीने घर उतरले त्या रीतीने कपाटही उतरले पाहिजे. पहिली अट त्यांना पटली. दुसरीवर ते बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "असं काम आता कोणी सांगत नाही, भाऊ. अन् सांगितलं त करणाऱ्याले परवडत नाही."

त्यांचे म्हणणे पुढच्या महिन्याभरात मला अक्षरशः पटले. पहिली अडचण आरामशीनवर आली. जुने लाकूड म्हटले की, आरा चालविणारा मान हलवितो, कारण आत दडलेला एकच खिळा त्याच्या पात्याचे दात घालवितो. दोन ठिकाणी नकार मिळाल्यावर मिस्त्रींनी तुळई अंगणात आडवी टाकली, आणि लोहचुंबक फिरवीत तिचा कण न् कण तपासला. खिळ्याभोवती लाकूड काळे पडलेले असते; त्या डागांवरून माग काढीत त्यांनी एकवीस खिळे उपटले. तिसऱ्या ठिकाणी ती चिरून मिळाली. धुराने काळवंडलेले चारी बाजूंचे पोपडे निघून गेले आणि आतून मधासारख्या रंगाच्या सहा फळ्या बाहेर आल्या. तो वास ज्यांनी घेतला आहे त्यांना सांगावयास नको, आणि ज्यांनी घेतला नाही त्यांना सांगून कळावयाचा नाही. जुन्या चामड्याच्या दप्तराच्या आसपासचा तो वास आहे. रंध्याची धार मात्र पुनःपुन्हा जाई. सागात वाळूचा अंश असतो आणि तो पोलादास झिजवितो. दर अर्ध्या तासाने मिस्त्री हातचे काम ठेवून धार लावीत बसत.

कपाट पाच फूट लांब, पंधरा इंच खोल आणि बावीस इंच उंच झाले. वरचा फळा दोन फळ्यांचा. एकीच्या कडेस जीभ, दुसरीच्या कडेस खाच. लाकूड लांबीत जवळजवळ हलत नाही, रुंदीत हलते, आणि ते कितीही जुने झाले तरी ऋतूंचे हे येणेजाणे थांबत नाही. वऱ्हाडात हा प्रश्न थोडा नव्हे: वैशाखात पारा पंचेचाळीसपर्यंत चढून हवा भट्टीसारखी कोरडी होते, आणि दोन महिन्यांनी तीच हवा ओल्या पंच्यासारखी होते. पंधरा इंचांच्या फळ्यास ह्या फेऱ्यात साधारण एक सूत, म्हणजे इंचाचा आठवा भाग, कमीजास्त व्हावे लागते. त्यास चोहोबाजूंनी जखडले तर तो फाटतो. म्हणून पुढच्या दोन खुंट्या मिस्त्रींनी घट्ट बसविल्या, आणि मागच्या दोन खुंट्यांची भोके किंचित लांबट ठेवली. ती भोके पाहून मी विचारले, तेव्हा ते म्हणाले, "एवढी जागा द्याच लागते." घरे मोडतात ती पुष्कळदा ह्या एका सुताच्या जागेवाचून मोडतात, असे मला त्या वेळी वाटून गेले, पण मी काही बोललो नाही. सुतारापुढे उपमा देत बसू नये.

खर्चाचा हिशेब मी लपवीत नाही. तुळईची माझ्या भागातून वळती झालेली किंमत, चिराई, आणि मिस्त्रींची सव्वीस दिवसांची मजुरी एकत्र केली, तर बाजारातील दोन तयार कपाटे आली असती. माझा एक हिशेबी स्नेही ह्यास हौसेचा उधळेपणा म्हणतो. मजुरी अधिक पडली हे खरे. पण ती एका माणसाच्या हाताची किंमत होती. मिस्त्रींचे आजे तिफणी आणि वखर घडवून गावाकडून बलुते घेत. वडील वाड्यांची कामे करीत. ते स्वतः हल्ली चौरस फुटाच्या भावाने लाकडी भुशाचे तयार फळे जोडतात, आणि त्यांचा मुलगा बडनेऱ्यास मोबाईल दुरुस्त करतो. खुंटीचा सांधा तो शिकला नाही, आणि त्याने शिकावा असे त्याला कोणत्या तोंडाने सांगावे? सांधा शिकण्यास चार वर्षे लागतात, आणि तो सांगणारे गिऱ्हाईक दहा वर्षांतून एकदा येते. जुने लाकूड वाचविणे सोपे आहे. ते वखारीत पडून राहील. ज्या हातांना ते उलगडता येते ते हात वाचविणे अवघड आहे, आणि त्यास लाकडाच्या प्रेमाबरोबर पैसेही लागतात.

एक गोष्ट सांगावयाची राहिली. ह्या तुळईस मधोमध पाळण्याची कडी होती. घरातील सर्व मुले तिच्याखाली निजली. दादा निजले, त्यांच्यामागून सहा वर्षांनी मी निजलो. ती कडी काढल्यावर लाकडात बोटाएवढे भोक उरले. तो भाग छाटून टाकावा की ठेवावा, असे मिस्त्रींनी विचारले, आणि मी काकूंचा सल्ला घेतला. काकू म्हणाली, "छाटून काय करशील बापा? भोक तर भोक. तारा घाल त्यातून." कपाटाच्या वरच्या फळ्यात आता ते भोक मागच्या अंगास आले आहे आणि टीव्हीची वायर त्यातूनच खाली उतरते. दादा कपाट पाहावयास आले तेव्हा त्यांनी प्रथम मापे विचारली, मग खर्च विचारला, मग बराच वेळ मागच्या बाजूस वाकून पाहिले. "कडी कोठे आहे?" असे त्यांनी विचारले. मी ती कागदात गुंडाळून ठेवली होती. त्यांनी ती खिशात घातली. भाव विचारला नाही. त्यानंतर आम्ही चहा घेतला आणि बोललो. करारावर मात्र बोललो नाही. तो मतभेद अजून तसाच आहे. परंतु वाटणी झाली म्हणजे लाकूड फाटलेच पाहिजे, असे काही नाही. खुंटी कोठून ठोकावयाची एवढे ज्याला समजते त्याला दोन लाकडे वेगळी करूनही शाबूत ठेवता येतात.

काम संपल्यावर मिस्त्रींनी कपाट उलटे केले, आणि प्रत्येक सांध्याशेजारी पटाशीने एक, दोन, तीन अशा रेघा मारल्या. मग कानावरची पेन्सिल काढून प्रत्येक खुंटीच्या निमुळत्या टोकापाशी एक बाण काढला, आणि सर्वांत पुढच्या बाणाखाली लिहिले: "इकडून ठोका." ते कोणासाठी लिहिले हे मी विचारले नाही. हे कपाट उतरविणारा माणूस बहुधा आज जन्मलाही नसेल, आणि टीव्ही म्हणजे काय हेही त्याला कोणी सांगावे लागेल. पण हातात हातोडा घेऊन तो खाली वाकला, तर त्याला त्या दोन शब्दांचा अर्थ लागेल.